आपले पाप, दुसऱ्याचे नाव

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ या म्हणीचा जेवढा जप आपल्या समाजात होतो, तेवढा जपमाळेचाही होत नसेल. गेली दोन वर्षे मी याचा अनुभव घेत आहे. शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी माझ्या तरुणपणाच्या आठवणी लिहावयास घेतल्या. ते तरुणपण सरळ नव्हते. त्यात दारूच्या आहारी गेलेला बाप आहे, १९७२ चा दुष्काळ आहे, वसतिगृहातील एक चोरी आहे आणि त्या चोरीची शिक्षा भोगलेला एक निरपराध मित्र आहे. गंगापूर हे तालुक्याचे गाव. येथे कोण काय लिहितो ही वार्ता कागदावरची शाई वाळण्यापूर्वी एस.टी. स्टँडवर पोहोचते. त्यामुळे हस्तलिखित पुरे होण्याआधीच सल्ले घरी चालत आले.

एका रविवारी मिस्सा संपल्यावर मंदिराच्या आवारात एक वडीलधारे स्नेही मला बाजूला घेऊन म्हणाले, “सर, बाप मातीआड गेला, मित्र म्हातारा झाला. आता कशाला ही उकराउकर? समाजाचं नाव खराब होतं.” दुसरे म्हणाले, “लिहा की, पण नावं बदला. म्हणजे कुणाला काही नाही.” तिसरा माझाच जुना विद्यार्थी, वाळूजच्या कारखान्यात नोकरीला. त्याने मला उभारी देण्यासाठी सांगितले, “सर, एकेकाचं नाव टाका. खरं ते खरं. कुणाला भ्यायचं?”

या तिघांशीही माझे भांडण आहे. तिघेही भले आहेत, म्हणून ते भांडण मनात न ठेवता या पानांवर मांडतो. आज आपल्या धर्मग्रामांतून लिहिणारे हात वाढले आहेत. उद्या वाचकांपैकी कुणाच्याही घरात असे हस्तलिखित तयार होईल, आणि त्या घरालाही याच तीन सल्ल्यांतून वाट काढावी लागेल.

पहिल्या स्नेह्यांचा आक्षेप हलका नाही. त्यांनी उभ्या आयुष्यात मुलांना धर्मशिक्षण दिले आहे. मातापित्यांचा मान राखण्याची चौथी आज्ञा आणि खोटी साक्ष न देण्याची आठवी आज्ञा त्यांनी माझ्यापुढे ठेवली. आठव्या आज्ञेत केवळ खोटे बोलणे येत नाही, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथात दुसऱ्याचे खरे दोषही पुरेशा कारणाशिवाय, ते ठाऊक नसलेल्यांना सांगणे हे पाप मानले आहे. शिवाय त्यांनी नोहाची गोष्ट आठवून दिली. द्राक्षारसाने धुंद होऊन तंबूत उघडा पडलेला बाप एका मुलाने पाहिला आणि बाहेर जाऊन सांगितला. दुसऱ्या दोघांनी पाठमोरे चालत जाऊन त्याच्यावर वस्त्र पांघरले. “तुम्ही कोणता मुलगा होणार?” असा त्यांचा सवाल होता.

सवाल बिनतोड वाटतो. पण त्या गोष्टीतला एक साक्षीदार आपण विसरतो. ती लिहिणारा कोण? नोहाचे वस्त्र ज्याने पुन्हा बाजूला सारले, तो उत्पत्तीच्या पुस्तकाचा लेखक आहे, आणि त्या पुस्तकाला आपण पवित्र म्हणतो. दाविदाचा व्यभिचार आणि त्याने घडवलेला उरियाचा वध बायबलने झाकला नाही. मत्तयाने तर प्रभूच्या वंशावळीतच त्या वधाची आठवण पेरून ठेवली. तेथे शलमोनाच्या आईचा उल्लेख उरियाची पत्नी म्हणून येतो. पेत्राने केलेला नकार चारही शुभवर्तमानांत नावानिशी आहे, आणि ती लिहिली गेली त्या काळात पेत्र हे ख्रिस्तसभेतले सर्वांत थोर नाव होते. समाजाचे नाव राखणे हाच धर्म असता, तर कोंबडा आरवण्याचा तो प्रसंग पहिल्या नकलेतच गाळला गेला असता.

नोहाचा मुलगा चुकला तो कोठे? त्याने बापाची नग्नता सांगितली आणि स्वतः मात्र तंबूबाहेर मोकळा उभा राहिला. त्या कथनात त्याचे स्वतःचे काहीच उघडे पडले नाही. हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि पुढे याच भेदावर मला यावयाचे आहे.

मातापित्यांच्या मानाबद्दल माझ्या थोरल्या बहिणीने मास्तरांपेक्षा सोपे उत्तर दिले. बापाविषयीचे प्रकरण मी तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, “दादा प्यायचे, ते लिही. आईच्या अंगावर धावून जायचे, तेही लिही. पण दुष्काळात सुकडी वाटायची तेव्हा स्वतःच्या वाट्याची पुडीत बांधून आपल्याला आणायचे, ते तू लिहिलंच नाहीस.” मी लिहिले नव्हते, कारण मला बापाचा राग आला होता. आता ते लिहिले आहे. बापाचा मान त्या एका वाक्याने राखला गेला. दारूचे वाक्य खोडून तो राखला गेला नसता. त्याच्या जागी कुणीतरी दुसराच गृहस्थ उभा राहिला असता.

झाकण्याची किंमत कोण भरतो, हेही पाहू या. आपल्या रौप्यमहोत्सवी आणि सुवर्णमहोत्सवी स्मरणिका उघडा. त्यांतील कोणताही माणूस कधी प्यायला नाही, जुगार खेळला नाही, बायकोवर हात उगारला नाही. फार तर ‘तारुण्यात काही काळ ते भरकटले होते’ एवढे एक वाक्य आणि पुढच्या ओळीत परमेश्वराची कृपा. हे वाचणारा आजचा भरकटलेला मुलगा काय समजेल? या समाजात बिघडलेला मी पहिलाच, असेच त्याला वाटणार. त्याच्या आजोबांच्या पिढीत त्याला एकही सोबती सापडत नाही.

याहून भारी किंमतही मोजली गेली आहे. ज्या मुलांवर मोठ्या माणसांनी अत्याचार केले, त्यांना ‘नाव जाईल’ म्हणून गप्प बसवण्याची फळे जगभरच्या ख्रिस्तसभेने भोगली. शेवटी मे २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांना धर्मगुरू व व्रतस्थांवर असे प्रकार अधिकाऱ्यांना कळवण्याचे बंधनच घालावे लागले. अत्याचार सोसलेला माणूस स्वतःची कथा लिहितो तेव्हा ते पापनिवेदनही नव्हे आणि चहाडीही नव्हे. ती साक्ष आहे. तिला आठव्या आज्ञेचा धाक दाखवणे म्हणजे आज्ञा उलटी वाचणे होय.

मराठी भाषेला ही उघड साक्ष नवी नाही. आपल्या शेजारच्या नगरच्या लक्ष्मीबाई टिळक पंथाने आपल्यातल्या नव्हेत, पण ख्रिस्ती मराठीच्या त्या आजी आहेत. १९३४ पासून भागाभागांनी आलेल्या ‘स्मृतिचित्रां’त त्यांनी घरात येणारा जिन्नस धुऊन घ्यायला लावणारे वडील दाखवले, आणि न सांगता घर सोडून जाणारे शीघ्रकोपी टिळकही दाखवले. टिळक १९१९ सालीच निवर्तले होते. रेव्हरंड होते, थोर कवी होते. त्यामुळे त्यांची थोरवी कणभर उणी झाली काय? उलट आज ते आपल्याला माणूस म्हणून ठाऊक आहेत, ते लक्ष्मीबाईंमुळे. आणि लक्ष्मीबाईंनी सर्वांत जास्त हसे केले ते स्वतःचे. आपले सोवळेओवळे, आपला हट्ट आणि आपले अज्ञान त्यांनी कोठेही लपवले नाही.

१९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले, तेव्हा त्यांच्याच समाजातून लक्तरे वेशीवर टांगल्याचा आक्षेप उठला. पुढच्याच वर्षी, औरंगाबादेत प्राध्यापक असलेल्या प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ आले. मराठवाड्यातल्या पोरकेपणाची आणि भुकेची ती कहाणी. १९९४ साली डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’ लिहिले. नाचून पोट भरणाऱ्या आणि त्यांना आजोबांच्या घरी सोडून गेलेल्या आईविषयी त्यांच्या मनात केवढी कडवट तक्रार होती! ती त्यांनी मांडली. पण स्वतःच्या आणि आडनावाच्या मध्ये, जेथे आपण बापाचे नाव लावतो तेथे, त्यांनी आईचे नाव लावले. त्या नावाखालीच ते डॉक्टर झाले आणि २००७ साली अपघाती निधन होईपर्यंत तेच नाव वागवत राहिले. आईचे दुःखद वर्तन सांगणाऱ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आईचे नाव सन्मानाने आहे. वेशीवर काही टांगले असेल तर ते आईला नाचायला लावणाऱ्या रूढीचे लक्तर होते.

आता दुसरे स्नेही, नावे बदलण्याचा सोपा उतारा सांगणारे. त्यांना मी विचारतो, गंगापुरात नाव बदलून काय बदलते? मी ‘लासूरकडचा एक कंत्राटदार’ असे लिहिले की स्टँडवरच्या हॉटेलात चहा संपण्यापूर्वी त्याचे घर ओळखले जाईल. पुण्यामुंबईच्या वाचकापुरते ते नाव बदलेल. पण पुण्यामुंबईच्या वाचकापासून त्या माणसाला धोका कधी नव्हताच. ज्यांच्यापुढे त्याची मान खाली जायची, ते सारे त्याला ओळखणारच. म्हणजे बदललेले नाव दुखावणाऱ्याची समजूत घालते आणि दुखावलेल्याला काहीच देत नाही.

शिवाय आपल्या भागात एक निराळीच जोखीम आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. तो १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती दलितांना आजही मिळालेला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ख्रिस्ती आचरण असलेल्या अर्जदाराला असे प्रमाणपत्र नाकारले. कागदावरचा धर्म आणि घरातली प्रार्थना यांच्या ओढाताणीत मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबांच्या पिढ्या गेल्या. अशा कुटुंबातील कुणाचा बाप्तिस्मा, कुणाचे लग्न, कुणाची आडनावासकट हकिगत आपण रंगवून सांगावी आणि त्यापायी एखाद्या नातवाची नोकरी धोक्यात यावी, हे कोणत्या सत्याचे राज्य? येथे नुसते नाव बदलून भागत नाही. तो प्रसंगच गाळावा लागतो. माझ्या हस्तलिखितातून असे दोन प्रसंग मी गाळले आहेत आणि त्याची मला खंत नाही.

उरला माझा विद्यार्थी, ‘सगळ्यांची नावे टाका’ म्हणणारा. त्याच्याशी वाद घालताना मला संत ऑगस्टीन यांचा आधार आहे. उनाड तरुणपणाची एवढी प्रांजळ कथा त्यांच्यापूर्वी कुणी लिहिली असेल असे वाटत नाही. इ. स. ४०० च्या सुमारास, हिप्पोचे महागुरुस्वामी असताना त्यांनी ‘कन्फेशन्स’ लिहिले. सोळाव्या वर्षी टोळक्याबरोबर शेजारची नासपतीची फळे चोरून डुकरांपुढे टाकल्याचे त्यांनी सांगितले. त्या टोळक्यातल्या एकाचेही नाव सांगितले नाही. बाप पॅट्रिशियस याचा संताप आणि बाहेरख्यालीपणा सांगितला. संत मोनिका यांना लहानपणी चोरून द्राक्षारस पिण्याची लागलेली सवयदेखील सांगितली. मित्र ॲलिपियस याला ग्लॅडिएटरांच्या रक्तरंजित खेळांचे वेड होते, हे त्याच्या नावासह सांगितले, आणि तो तर त्या वेळी स्वतः महागुरुस्वामी होता, हयात होता, जिवलग होता. पण जिच्याबरोबर त्यांनी कित्येक वर्षे संसार केला, जी त्यांच्या मुलाची आई होती आणि जिला मुलगा मागे ठेवून आफ्रिकेला परत जावे लागले, तिचे नाव सोळाशे वर्षांत कुणाला कळलेले नाही. तिच्याबाबत घडलेला अन्याय त्यांनी पूर्ण आपल्या अंगावर घेतला आणि तिला जगाच्या जिभेपासून दूर ठेवले. ज्याचे काही बिघडणार नव्हते त्याला नाव दिले. जिचे सर्व काही बिघडले होते तिला पडदा दिला.

आपल्या पापनिवेदनाच्या संस्काराची रीतही हीच आहे. गुडघे टेकून कुणी नवऱ्याची, सुनेची, शेजाऱ्याची पापे सांगू लागला, तर धर्मगुरू त्याला हळूच थांबवतात आणि त्याच्या स्वतःच्या पापांकडे वळवतात. उधळ्या पुत्राचा दाखला पुन्हा एकदा लक्षपूर्वक वाचा. धाकट्याने पैसा चैनबाजीत उडवला एवढेच तेथे प्रथम सांगितले आहे. वेश्यांची गोष्ट कोण काढतो? थोरला भाऊ, आणि तोही आपली स्वतःची एक चूक कबूल न करता. आत्मकथन लिहिणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारावे, हे पान धाकट्याने लिहिले आहे की थोरल्याने?

तर मग माझी चोरी सांगतो. १९७३ चा उन्हाळा. मीही सोळा वर्षांचा. मी शिकत होतो त्या वसतिगृहात मदतीदाखल आलेल्या गोड्या तेलाचे डबे कोठीत असत. कोठीची किल्ली स्वयंपाकात हातभार लावणाऱ्या एका मुलाकडे असे. त्याला आईबाप नव्हते, एक बहीण होती. तो झोपला असताना मी त्याच्या उशाखालून किल्ली काढली, दोन डबे विकले आणि पैसे पत्त्यांत घालवले. चोरी उघडकीस आली, तेव्हा किल्लीवाला पकडला गेला. मी तोंड उघडले नाही. चौकशी न करता त्याला मारले गेले आणि त्याच आठवड्यात बाहेर काढले गेले. दुष्काळी कामावर तो खडी फोडीत असल्याचे मला समजले होते. मी त्या रस्त्याने जाणे टाळले.

हे प्रकरण लिहून झाल्यावर मी त्याच्याकडे गेलो. तो आता वाळूजला मुलाकडे असतो. हस्तलिखितात त्याचे नाव मी बदलले होते, आणि त्याच्या बहिणीवर पुढे काय ओढवले याचे एक पान लिहिले होते. लेखनाच्या दृष्टीने ते माझे सर्वांत चांगले पान होते. मी सारे वाचून दाखवले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “बहिणीचं पान काढ. ते तुझं नाही.” मी मान डोलावली. “आणि माझं नाव घाल.” मी चकित होऊन पाहू लागलो. तो म्हणाला, “पन्नास वर्षं गावात मी तेलाचा चोर आहे. तू नाव बदललंस, तर तुझ्या पुस्तकातला कुणी दुसरा सुटेल. मी तसाच राहीन.”

नावे बदलण्याचा सल्ला देणाऱ्या स्नेह्यांना माझ्याकडे याहून मोठे उत्तर नाही. पुस्तकात त्याचे नाव येईल. येथे देत नाही, कारण त्याने परवानगी दिली ती पुस्तकापुरती. बहिणीचे पान मी फाडले.

ज्यांनी त्याला मारले, त्यांची परवानगी मी घेणार नव्हतो. ते आज हयातही नाहीत. मुलांवर ज्यांची सत्ता होती, त्यांच्या सत्तेचा वापर कसा झाला हे सांगण्यास कुणाची संमती लागू नये. मात्र त्याच दुष्काळात त्यांनी चाळीस मुलांना उपाशी झोपू दिले नाही, हेही त्याच पानावर आहे. पत्ते खेळणाऱ्या सोबत्यांची नावे मी दिलेली नाहीत. ते अजाण होते, आज आजोबा आहेत. २०१५ चा बाल न्याय कायदासुद्धा विधिसंघर्षग्रस्त बालकाची ओळख छापू देत नाही. मग त्यांच्या बालपणाचा निकाल मी कोण लावणार? कायद्याची भीती घालणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे, की भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात मृताची बदनामीही गुन्हा ठरू शकते, परंतु लोकहितासाठी सांगितलेले सत्य हा त्याच कलमातला पहिला अपवाद आहे. म्हणजे कायदाही हेच विचारतो, की खरे आहे काय, आणि कुणाच्या हितासाठी?

गेथशेमनीत महायाजकाच्या दासाचा कान कापला गेला. मत्तय, मार्क आणि लूक यांनी तलवार चालवणाऱ्याचे नाव सांगितले नाही. सर्वांत शेवटी लिहिणाऱ्या योहानाने ते सांगितले. तोवर पेत्राला इजा होण्याचे भय उरले नव्हते, असा अभ्यासकांचा एक तर्क आहे. नाव केव्हा झाकावे आणि केव्हा उघडावे, याची जाण शुभवर्तमानकारांनी ठेवली होती. प्रसंग मात्र चौघांपैकी कुणीही गाळला नाही.

म्हणून माझी वाचक कुटुंबांना विनंती आहे. तुमच्या घरात कुणी आपल्या वाकड्या दिवसांची हकिगत लिहू लागला, तर वही हिसकावून घेऊ नका. त्याला नुसती भरही देऊ नका. त्याच्याजवळ बसा आणि एवढेच विचारा, “तुझे स्वतःचे पाप कोणत्या पानावर आहे?” त्याने ते पान काढून दाखवले, तर बाकीची वही त्याला निर्धास्त लिहू द्या. ते पान त्याला सापडले नाही, तर मात्र त्याला सांगा, की पुस्तक अजून सुरू व्हायचे आहे.